तुळशीखालची तार

कौसल्यावहिनी. हे नाव सगळ्यात आधी लिहून घ्या, माझं मागून लिहा, नाही लिहिलं तरी चालते. आमच्या घराण्यात पहिली पदवी मला मिळाली, मी शाळेत विज्ञान शिकवतो, गावोगावचे लोक रेडिओ खरखरते, टीव्हीत मुंग्या दिसतात म्हणून मला बोलावून घराच्या कवेलूवर चढवतात, हे सगळं खरं. पण या सगळ्याच्या मुळाशी कोण आहे म्हणाल तर माझी वहिनी आहे, चौथी शिकलेली, धानाच्या रोवण्यात सगळ्या बायांच्या पुढं चालणारी. आणि तिचं नाव घ्यायला मी तीन वर्षं लावली. ते कसं, तेच सांगतो तुम्हाला.

आमचं गाव कारध्यापासून दोन कोस आत. वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, आणि त्या पुलावरून मी सायकलनं किती वर्षं गेलो, आधी हायस्कूलला, मग कॉलेजला. घरची धानाची शेती, चार बांध्या, पाण्याची एक लहानशी बोडी, म्हणजे तळं, दोन बैल. बाबा, माय, मोठा भाऊ शालिकदादा आणि मी. मॅट्रिक झालो तेव्हा बाबा म्हणाले, झालं ना आता शिकून, शालिक तर फौजेत गेला, मले एकट्याले शेत झेपत नाही, उद्यापासून चाल माह्यासंग. बाबांपुढं बोलायची पद्धत नव्हती, मी मान खाली घालून उभा. आणि काय सांगू तुम्हाला, आतून, दाराच्या आडून आवाज आला, मामाजी, भाऊजीच्या वाटचं काम मी करतो, त्यायले शिकू द्या. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तिचं! सून सासऱ्याशी बोलली, तेही कोणी विचारलं नसताना! मायच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. बाबा म्हणाले, खत नेशील? धुरे बांधशील? ती म्हणाली, बांधन. आणि बांधले तिनं, फावडं घेऊन बांधले, ओढ्याकडचा धुरा, शेताचा बांध, तर असा घातला की पुढच्या पाच पावसाळ्यांत तो फुटला नाही. तेवढ्यात माझं कॉलेज झालं. म्हणून म्हटलं, नाव आधी लिहा.

आता रेडिओ. दादा सुट्टीवर आला तेव्हा घेऊन आला होता, तीन बँडचा, कातडी कव्हराचा, चार सेलचा. वरठीच्या स्टेशनावर मी त्याला आणायला गेलो तर आधी रेडिओ माझ्या हातात दिला आणि मग स्वतः गाडीतून उतरला. दादाची एक सवय सांगून ठेवतो, पुढं कामात येईल. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, त्या दिवसांत तर नाहीच. दादा बाहेरून आला की दारात उभा राहून खोकायचा. दोन वेळा, मध्ये जरासं थांबून. की वहिनी असेल तिथून उठायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात. माय चिडवायची, याले पडसं कायमचंच हाय वाटते. सुट्टी संपली, दादा गेला, जाताना मला म्हणाला, मध्या, रेडिओ तुह्याजवळ ठेव, मी दूर असलो तरी दूरचं काही ऐकत जा.

दूरचं! हा शब्द माझ्या डोक्यात असा बसला की बस्स. नागपूर तर ताटात वाढल्यासारखं यायचं, त्यात काय मजा. मला हवं होतं ते दूरचं. रात्री शॉर्टवेव्हचा काटा केसाएवढा सरकवायचा आणि खरखरीतून एखादा माणूस कोणत्या तरी भाषेत बोलताना सापडायचा, एक वाक्य, दोन वाक्यं, की गेला. मला वाटायचं आपल्या घरावरून लोक चालले आहेत आणि आपण त्यांना बसा म्हणत नाही. कॉलेजात आमचे फिजिक्सचे सर होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, अरे, लाटा तर तुझ्या घरावरून जातच आहेत, त्यांच्या वाटेत तार धर, लांब आणि उंच. झालं. भंडाऱ्यात पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात जळालेल्या मोटारींची तांब्याची तार पडलेली असायची, ती आणली. एकेक तुकडा कानशीनं घासायचा, जोडायचा, पुन्हा घासायचा. घरामागच्या सांदवाडीत दोन बांबू रोवले. तार बांबूला लागली तर आवाज जमिनीत मुरतो, म्हणून मध्ये चिनी मातीचे गोटे लागतात, ते कुठून आणू, मग फुटक्या सोडाबाटल्यांच्या माना बांधल्या, काच ती काच. तार ताणली आणि रेडिओला लावली, आणि अहो, काय सांगू! जो माणूस दोन वाक्यं बोलून जायचा तो बसला ना घरात! लंकेपासून काठमांडूपर्यंत सगळे आमच्या ओसरीवर! मी ओरडलो, बाबा धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

पण एका दिवशी सकाळी पाहतो तर नागपूरसुद्धा नाही. पाहिलं काय झालं, तर मायनं तारेवर तिचं ओलं लुगडं वाळत घातलेलं! मी म्हटलं, माय, हे काय केलं वो? ती म्हणाली, काहून, तार बांधली ना तू एवढी चांगली, मले वाटलं माह्यासाठीच बांधली. वहिनी पदरात हसत होती. तिनंच मग मायसाठी दुसरी दोरी बांधून दिली, लुगड्याची वेगळी आणि लाटांची वेगळी. मग मी तारेची दिशा बदलून पाहिली, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम, बांबू उपटायचे, पुन्हा रोवायचे. वहिनी खाली उभी राहून दोरी धरायची आणि मी विचारायचो, आता? आता कसं? ती म्हणायची, भाऊजी, आता ते बुवा नाकातून बोलून राहिले. मी समजायचो, अजून थोडं फिरवायचं आहे.

मग सरांनी एक दिवस सांगितलं, अरे, अर्धा एरियल आकाशात असतो आणि अर्धा जमिनीत, अर्थ दिली का तू, जमिनीत पुरलेली तार? नव्हती दिली. जुन्या पंपाचा तांब्याचा पत्रा हातभर होता, त्याला तार जोडली आणि तुळशीच्या बिंदराबनाच्या पायथ्याशी कमरेइतका खड्डा करून पुरला. तिथंच का, तर तिथं कोणाचा पाय लागत नाही, एवढाच विचार. खरं सांगतो, दुसरा काहीच विचार केला नव्हता. आणि आवाज असा उजळला, असा उजळला की खरखर अर्ध्यावर आली. मला वाटलं, वा रे मी!

आता जे सांगतो ते बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातलं. दादाला घरी येऊन दोन वर्षं झाली होती, तो कुठं तरी बर्फात होता, सरहद्दीवर. महिन्याला पत्र यायचं. ते तीन महिने आलं नाही. आमच्या गावचा पोस्टमन डोमाजी, तो सायकलवरून नुसता हात हलवून पुढं जायचा. माय त्याच्या वाटेवर उभी राहायची. तिला तो म्हणाला, आत्याबाई, तुमचं पत्र आलं तर मी काय खाऊन टाकीन का? मग एकदाचं आलं. पण अक्षर दादाचं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं, हिंदी. लिहिलं होतं की शालिकराम बरा आहे, घसरून पडला, उजव्या हाताला प्लास्टर आहे म्हणून मी लिहीत आहे. आणि लिहिलं होतं की अमक्या स्टेशनावरून जवानांचे निरोप लागतात, रविवारी सकाळी अकरा वाजता, शॉर्टवेव्हवर एकतीस मीटरच्या जरा अलीकडे, आमचे आवाज भरून न्यायला येणार आहेत, वैशाखातल्या तिसऱ्या रविवारी शालिकचा लागेल, घरच्यांनी ऐकावं.

मी फक्त नाचायचाच बाकी होतो. पण मायचा चेहरा पाहिला. ती म्हणाली, हात मोडला तर मोडला, डाव्या हातानं नाव तर लिवता आलं असतं ना. मध्या, खरं सांग, पोरगा हाय ना माहा? लपवून तर नाही राहिले? बाबा म्हणाले, काहीही बोलू नको. पण स्वतः उठून बैलांकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.  वहिनीनं ते पत्र मागून घेतलं, हिंदी तिला धड समजत नव्हती, तरी पूर्ण वाचलं, खालून वर, वरून खाली. मग मला विचारलं, भाऊजी, तिथून इथपर्यंत आवाज येते? मी म्हटलं, आणतो, वयनी. कसंही करून आणतो.

तर असं. एका माणसाचा आवाज आणायचा होता. तो आला तर दादा आहे. नाही आला तर माय काय समजणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पत्र आलं त्याच रविवारी मी ते स्टेशन शोधलं. सापडलं! बारीक होतं, पण होतं, माणसाचं बोलणं समजत होतं. ते स्टेशन रोज त्याच वेळेला लागायचं, त्यामुळं रोज सराव. एकेक सांधा पुन्हा घासला, बांबू दोन हात उंच केले. आणि वैशाख लागला तशी वहिनीनं तुळशीवर गळती बांधली. आमच्याकडे वैशाखात तुळशीवर भोकाचं भांडं टांगतात, त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडत राहते, उन्हात तुळस सुकू नये म्हणून. वहिनीजवळ तिच्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा गुंड होता, बुडाला भोक पडलेलं, पाणी भरायच्या कामाचा राहिला नव्हता, तोच ती दर वर्षी टांगायची. तर वैशाखातल्या दुसऱ्या रविवारी काय आवाज आला म्हणता! शेजारच्या घरात बोलावं तसा. कोण्या पंजाबच्या जवानाचा निरोप होता, आमची अर्धी गल्ली ऐकायला जमलेली, डोमाजीही सायकल टेकवून बसला होता, म्हणाला, मधुकरराव, आता माह्यी नोकरी घेता का तुम्ही? मी छाती फुगवून म्हटलं, पुढच्या रविवारी या, आमचा दादा बोलणार आहे.

सोमवारी पहाटे मोठेबाबा वारले. बाबांचे चुलतभाऊ, ऐंशीच्या वरचे, झोपेतच गेले. एका कुळाचे आम्ही, सगळ्या गल्लीला दहा दिवसांचं सुतक. देव झाकले, दिवा बंद, वहिनीनं गळती उतरवून गुंड कोपऱ्यात पालथा घातला. तुळशीला हात लावायचा नाही. रेडिओ अर्थातच बंद. पण मला चैन पडते का? बाजेवर पडायचो, अंगावर गोधडी घ्यायचो, वैशाखाच्या भर उन्हात गोधडी, आणि आवाज मुंगीएवढा ठेवून कान लावायचो. मायनं पाहिलं, म्हणाली, थंडी वाजून राहिली का रे तुले?

मंगळवारी ठीक होतं. बुधवारी मला वाटलं जरा खरखर वाढली. गुरुवारी आवाज लांब गेला. शुक्रवारी शब्द तुटायला लागले. शनिवारी, काय सांगू, ऐकूच येईना, नुसतं पाणी उकळल्यासारखं. अहो, एक दिवस राहिला! सेल बदलले. बांबूवर चढून सगळे जोड तपासले. काचेच्या माना पुसल्या. तार सोडली, पुन्हा ताणली. दिशा बदलली, पुन्हा पहिल्यासारखी केली. मी वर वर पाहत राहिलो, आकाशाकडे, कारण माझं सगळं शिक्षण आकाशातलं होतं. गल्लीतून डोमाजी गेला, त्याला सुतक नव्हतं, मजेत होता, म्हणाला, काय मधुकरराव, बिघडलं वाटते, पत्रच बरं बाप्पा. मला रडू येत होतं. मी कवेलूवर बसलो होतो आणि खाली यायची हिंमत नव्हती, कारण खाली माय विचारणार होती.

वहिनी खाली आली, उभी राहिली. म्हणाली, भाऊजी, उतरा. मी म्हटलं, वयनी, नाही जमून राहिलं, उद्या काय तोंड दाखवू? ती म्हणाली, कोणत्या दिवसापासून बिघडलं? मी म्हटलं, बुधवारपासून. रोज थोडं थोडं. ती म्हणाली, एकदम नाही? रोज थोडं थोडं? हव म्हटलं. ती तुळशीकडे गेली, हात न लावता, लांबूनच वाकून पाहिलं आणि मला बोलावलं. पाहा म्हणाली. बिंदराबनाच्या पायथ्याशी जमीन उलली होती, बोट जाईल एवढ्या भेगा. वहिनी म्हणाली, सोमवारी गळती काढली, मंगळवारपर्यंत ओल होती. पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची जागा अशीच सुकते, वरून नाही समजत, आतून रोज थोडी थोडी. भाऊजी, तुमची तार तिथं खाली पाणी पेते का?

 अहो, दोन वर्षं फिजिक्स शिकलो! ओल्या जमिनीतून वीज जाते, कोरड्यातून जात नाही, पुस्तकात आहे, परीक्षेत लिहिलं आहे मी, मार्क मिळवले आहेत! आणि रोज सकाळी ती दोन तांबे पाणी तुळशीला घालत होती, वैशाखात दिवसभर गळती, म्हणून माझी अर्थ ओली होती, म्हणून आवाज येत होता, आणि मी समजत होतो की माझ्या बांबूनं येते! मी उडी मारून म्हटलं, वयनी, एक बादली पाणी, फक्त एक बादली! आणि माय ओसरीवरून ओरडली, सुतकात तुळशीले पाणी? याद राख मध्या!

माय अडली ते चुकीचं नव्हतं, तिच्या जागी ती बरोबर होती. मोठेबाबांनी तिला या घरात सून म्हणून आणलं होतं. मी वाद घालायला लागलो, वहिनीनं मला हातानं थांबवलं. म्हणाली, आत्याबाई, तुळशीले हात नाही लावत आमी. भाऊजी, तारेले तुळस पायजे की पाणी पायजे? मी म्हटलं, पाणी. ती म्हणाली, मग पाणी जिथं हाय तिथं तार न्या. आणि बोट दाखवलं न्हाणीकडे. सुतकाचं घर, येणारे-जाणारे, दिवसातून तीन तीन वेळा आंघोळी, न्हाणीच्या मागं तर चिखल झाला होता, अळूची पानं हातभर! सहा दिवस मी त्या चिखलातून येत-जात होतो!

पण पत्रा तुळशीखाली पुरलेला, तो काढता येत नव्हता. दुसरं तांबं कुठून आणू, शनिवारची दुपार, भंडाऱ्याला जाऊन येईपर्यंत दुकानं बंद. वहिनी कोपऱ्यात गेली आणि तो पालथा घातलेला गुंड घेऊन आली. माय म्हणाली, पागल झाली का वो, तुह्या मायनं देल्ला तो, देवाच्या कामाचा. वहिनी म्हणाली, आत्याबाई, भोकाचाच तर हाय. मग हळूच म्हणाली, तिनं पोरीसाठी देल्ला, पोरीच्याच कामात येऊन राहिला.  यावर माय फक्त एवढं म्हणाली, उद्या बोलणं ऐका, पण सुतकात गाणं नाही वाजवाचं माह्या घरात. गाणं लागलं की बंद.

सब्बल, म्हणजे पहार, वहिनीनंच आधी हातात घेतली. मी खणलं, तिनं खणलं, बाबाही आले, माती ओढू लागले. गुंडाच्या काठाला तार पिळून घट्ट बांधली, घासून लख्ख केलेली, आणि गुंड चिखलात उतरवला. माती लोटण्याआधी वहिनीनं त्याच्यावरून एकदा हात फिरवला, बस्स. मग रेडिओ लावला, मुंगीएवढा, आणि कान लावला. ते स्टेशन तर त्या वेळी बंद होतं, पण शेजारचं कोणतं तरी लागलं होतं, अगदी स्वच्छ! मी वहिनीकडे पाहून नुसती मान हलवली. ती हसली नाही. म्हणाली, उद्या पाहू.

रविवारी अकराला सगळी गल्ली आमच्या अंगणात. डोमाजी सगळ्यात पुढं. कार्यक्रम लागला, आवाज खणखणीत, पहिला निरोप कोण्या राजस्थानच्या जवानाचा. तो संपला आणि गाणं सुरू झालं. माय म्हणाली, बंद! मी बटण पिळलं, आवाज अगदी बारीक केला, बंद केला नाही, कान जाळीला चिकटवून बसलो, गाणं कधी संपते ते ऐकत. दुसरा निरोप, मोठा केला. पुन्हा गाणं, पुन्हा माय, बंद! पुन्हा बारीक. असं चार वेळा झालं. घाम निथळत होता, बटणावर बोट घसरत होतं, गाणं संपून निरोप सुरू झाला आणि मला समजलंच नाही तर? साडेअकराला कार्यक्रम संपतो, पाच मिनिटं राहिली होती. पाचवं गाणं सुरू होतं. संपलं का? निवेदिका काही तरी बोलली, महाराष्ट्र म्हणाली का? मला खात्री नव्हती, मी कान आणखी दाबला. आवाज इतका बारीक होता की मलाच धड येत नव्हता.

आणि समोर भिंतीला टेकून बसलेली वहिनी उठली. डोक्यावर पदर घेतला, आणि आत गेली. माय म्हणाली, आता काहून उठली वो ही? वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

तेव्हा मला ऐकू आलं. खोकला. तो दुसरा होता. माझा कान जाळीला लागलेला होता आणि मी दुसरा ऐकला, तिनं पाच हातांवरून पहिला ऐकला होता! मी बटण पूर्ण फिरवलं. दादा! अहो, आमचा दादा! मैं सिपाही शालिकराम, जिला भंडारा, महाराष्ट्र, माँ-बाबूजी को प्रणाम, मैं यहाँ कुशल हूँ, हात का प्लास्टर उतर गया है, असं सगळं कागदावरचं, घोकलेलं, शाळेत कविता म्हणतात तसं. मग थांबला. वाटलं संपलं. आणि एकदम आमच्या बोलीत, माय, आंब्याले पाड लागला का वो?

आणि माय रेडिओला म्हणाली, लागला रे बाप्पा, लागला! बाबा म्हणाले, लागला! डोमाजी म्हणाला, लागला हो शालिकराव! अख्खी गल्ली ओरडत होती, लागला, लागला! तोवर पुढचं गाणं सुरू झालं होतं, मोठ्या आवाजात, आणि बंद म्हणायचं कोणाला सुचलं नाही, मायलाही नाही. वहिनी तांब्या घेऊन तशीच दारात उभी होती. पाणी सांडून तिची पावलं ओली झाली होती, तिला पत्ता नव्हता.

इथं गोष्ट संपायला हवी, पण माझी संपत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. सरपंच म्हणाले, पोरगा शिकला त्याचं चीज झालं. कॉलेजात सरांना सांगितलं तर त्यांनी वर्गासमोर उभं करून सांगायला लावलं, आणि मी सांगितलं, ओल, भेगा, न्हाणी, सगळं सांगितलं, फक्त मला सुचलं असं सांगितलं. कोणी विचारलंच नाही, मी बोललोच नाही. वहिनी तर काय बोलणार. दिवाळीला दादा आला, त्यालाही बाबांनी माझंच कौतुक सांगितलं आणि ती बाजूला उभी राहून वाढत होती.

पुढं बीएस्सी झालो, बीएड झालो, चिखला गावाच्या बाजूला खाणकामगारांच्या पोरांच्या शाळेत लागलो. नववीच्या वर्गात एरियल आणि अर्थ शिकवत होतो, हीच गोष्ट सांगितली, तर पहिल्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, सर, गळती बंद झाल्याचं तुमच्या लक्षात आलं? तुम्ही तर कवेलूवर होते ना? खाणीत आई कामाला जाते तिची.  डबा तसाच राहिला त्या दिवशी. संध्याकाळी वहिनीला पत्र लिहिलं. तोंडानं बोलणं मला जमलं नसतं.

आता दादा पेन्शनीवर घरी आहे, दारात अजून खोकतो. मोठ्या शहरांत म्हणे एफेम नावाचं नवं निघालं आहे, खरखर अजिबात नाही, पण दूर जात नाही. आमच्यापर्यंत येईल तेव्हा येईल, आणि आलं की मी त्याच्यासाठीही बांबू चढवीन, नक्की चढवीन! सगळ्यांच्या घरात दूरचं ऐकू यावं, एवढंच मागणं आहे. ते पत्र वहिनीनं पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं, मागच्या दिवाळीत मागून उतरवून घेतलं. हे घ्या, जसं आहे तसं लिहा.

ती. सौ. कौसल्यावहिनीस,

मधुकरचा साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. जेवणाची सोय चांगली आहे.

वहिनी, आज वर्गात मुलांना मी खरं सांगितलं नाही, आणि एका मुलीने ते पकडले. दादाचा आवाज आला त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आलो की युक्ती माझी होती. ती तुमची होती. भेगा तुम्ही पाहिल्या, दिवस तुम्ही मोजले, न्हाणी तुम्ही दाखवली, गुंड तुमचा पुरला. मी कवेलूवर बसून रडत होतो. उद्या वर्गात पहिल्या तासाला मी हे सांगणार आहे. घरी बाबांना आणि दादाला तुम्ही हे पत्र वाचून दाखवावे, ही विनंती. माझ्या तोंडून निघणार नाही म्हणून तुमच्याकडून मागतो, हेही तुमच्यावरच ढकलतो आहे, त्याची क्षमा असावी.

मॅट्रिकनंतर तुम्ही दाराआडून बोलला नसता तर आज मला वर्गच नसता. ते तेव्हाही सांगायचे राहिले.

पहिल्या पगारातून भंडाऱ्याला तांब्याचा गुंड घेतला आहे. दुकानात ठेवला आहे, बाबा बाजाराला जातील तेव्हा घेऊन येतील. पाणी भरून पाहिला, कुठे गळत नाही. हा टांगू नका आणि कोणी कितीही मागितला तरी पुरायला देऊ नका, मी मागितला तरी. यात फक्त तुमच्यासाठी पाणी भरा.

आंब्याला पाड लागला का ते कळवावे.

आपला,
मधुकर